बंदूक कुणाची, कुत्रे कुणाचे आणि हाका कुणी घालायचा?

काशीदच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. पांढरी वाळू, २०२० च्या निसर्ग वादळातून वाचलेली सुरूची झाडे, गरम भजी. सगळे समुद्राकडे तोंड करून बसतात. आम्हीही बसलो. पण या गावाचा खरा इतिहास पाठीमागच्या डोंगरात आहे. तिथे फणसाड अभयारण्य आहे. १९८६ साली शासनाने ते जाहीर केले. त्याआधी हे रान जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारीचे जंगल होते. रान राखले गेले याचे श्रेय आज नवाबाला दिले जाते. राखले कशासाठी? तर दुसऱ्या कुणी शिकार करू नये म्हणून!

संस्थानी शिकारीचे जुने फोटो पाहा. मधोमध बंदूकवाला, पायाशी मेलेले जनावर, शेजारी लाडके कुत्रे. आणि ज्यांनी डबे बडवत, काट्याकुट्यांतून जनावर बंदुकीच्या तोंडी आणून दिले ते हाकारे कुठे आहेत? असलेच तर मागच्या रांगेत, बिननावाचे. साहेबाचा मुक्काम पडला की हाक्याला माणसे गोळा करा, सामान वाहा, लाकूडफाटा आणा, असे हुकूम येत आणि त्यांचे ओझे महारवाड्यावर आणि आदिवासी पाड्यांवर पडे. ही वेठ होती. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला रात्रंदिवस सरकारचा आणि गावाचा बांधील नोकर करून ठेवले होते. तो कायदा बदलण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बिल मांडले, ते उगाच नव्हे.

शिकारी म्हटला की आम्ही त्याला सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करत नाही. राजर्षी शाहू महाराज मोठे शिकारी होते. पण त्याच राजाने १९१८ साली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. रानाची जाण हा गुन्हा नसून गुण आहे, हे त्यांनी ओळखले. पुढच्या राज्यकर्त्यांना ते का ओळखता आले नाही?

आजचा कायदा पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत गोळी घालणे तर शिकार आहेच, पण फास लावणे, जनावर हाकणे, त्याच्या मागे लागणे हीसुद्धा शिकारच. म्हणजे कातकऱ्याचे कुत्रे सशामागे धावले तरी मालक गुन्हेगार. दुसरीकडे त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाखाली उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी मिळू शकते. महाराष्ट्राने २०१५ साली रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यासाठी तसा शासन निर्णयही काढला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तर पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. कागद चांगला आहे. पण पीक राखायला बंदूक मागायची तर आधी पीक हवे, आणि पिकाला जमीन हवी. भूमिहीनाने परवाना कशाच्या जोरावर मागायचा? बंदूक बागायतदाराची आणि रात्री रान उठवायला माणसे वाडीवरची, हा संस्थानी नमुना मोडणार तरी कसा? रानडुक्कर समजून माणसावरच गोळी झाडल्याच्या बातम्या कोकणातून अधूनमधून येतात. तेव्हा आम्हाला आधी तो हाकाराच आठवतो.

यवतमाळची अवनी वाघीण आठवा. तिला मारण्यासाठी २०१८ साली हैदराबादच्या शिकारी घराण्यातली बंदूक बोलावली गेली. एका नामवंत गोल्फपटूची केन कोर्सो जातीची इटालियन कुत्रीही आणली. ज्यांची माणसे वाघिणीने मारली ते शेतमजूर आणि गुराखी होते. रानातला माणूस आणि त्याचे गावठी कुत्रे यांची कुणी एवढी जाहिरात केली नाही.

रायगडात खरे कीडनियंत्रण कोण करतो? रेवदंड्याच्या खाडीपासून राजपुरीच्या खाडीपर्यंत भातशेतीचा वैरी डुकरापेक्षा लहान आहे. उंदीर आणि घूस. ते लोंब्या बिळात ओढून नेतात आणि खारबांधाला भोके पाडतात. त्या भोकांतून भरतीचे पाणी आत शिरले की शेत नासते, आणि ते खार धुऊन निघायला पुढे पावसाळे जावे लागतात. शेतकरी झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाकतो. त्याने उंदीर मरतो आणि कधी वाडीवरचे कुत्रेही मरते. भातकापणी झाली की कातकरी कुटुंब पहार घेऊन बांधावर येते. कुठले बीळ जिवंत आहे ते कुत्रे हुंगून सांगते. बाकीची तोंडे बुजवायची, एका तोंडाशी पेंढ्याचा धूर करायचा आणि दुसऱ्या तोंडाशी कुत्रे उभे करायचे. एका पैशाचे विष नाही. मजुरी किती? बिळात सापडेल ते भात आणि उंदीर. वर बांध उकरला म्हणून शेतमालकाच्या शिव्या! २००५ साली टपाल खात्याने मुधोळच्या शिकारी कुत्र्याचे तिकीट काढले. कातकऱ्याच्या कुत्र्याला साधे जातीचे नावसुद्धा नाही.

इथे आमचे वाचक अडवतील, आणि अडवावेच. जातीने चिकटवलेले काम जातीनेच करत राहावे, असे आम्ही सुचवतो आहोत काय? मुळीच नाही. मेलेल्या ढोराची वाट बाबासाहेबांनी आम्हाला सोडायला लावली. ती उंदराच्या बिळापाशी पुन्हा सुरू करायची नाही. फरक मोबदल्याचा आणि मर्जीचा आहे. खारबंदिस्तीच्या देखभालीवर सरकारी पैसा खर्च होतो. त्यात बिळे शोधण्याचे काम ठरलेल्या रोख मजुरीने, ओळखपत्रासह, ज्याला येते आणि करावेसे वाटते त्याला मिळावे. त्याच्या पोराने मात्र शाळेत जावे आणि वाटल्यास कृषी अधिकारी व्हावे.

हे स्वप्नरंजन नाही. तमिळनाडूत इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. सापाच्या कातड्याचा धंदा कायद्याने बंद झाल्यावर त्याच हातांनी परवान्याने विष काढायला सुरुवात केली. त्या विषापासून सर्पदंशावरची लस बनते. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या फ्लोरिडात अजगरांनी उच्छाद मांडला, तेव्हा तिथल्या विद्यापीठाने वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुळांना दुभाष्यांसह बोलावून घेतले. अजगराच्या शोधासाठी शिकवलेली लॅब्राडोर कुत्रीही त्या मोहिमेत होती. दोन आठवडेही झाले नव्हते तोवर या दोघांनी १३ अजगर काढून दिले. २०२३ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

काशीदहून परतताना खाडीच्या बांधावर एक बाई पहार घेऊन बसलेली दिसली. शेजारी एक पिवळे कुत्रे बिळात तोंड खुपसून होते. आम्ही थांबलो तशी ती घाईने उठली. तिला वाटले, आम्ही शेतमालक आहोत.