अतिविशाल प्रवासी विमाने : आसनाचा हिशेब आणि फेरीचा हिशेब

दिनांक १८ एप्रिल १९७१ रोजी ‘एम्परर अशोक’ हे एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उतरले. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगविलेले हे जंबो जेट त्या काळी राष्ट्रीय अभिमानाचा विषय ठरले होते. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, याच कंपनीच्या ताफ्यातून निवृत्त झालेले एक ७४७ विमान मुंबईहून अमेरिकेकडे निघाले, ते सुटे भाग काढून मोडीत घालण्यासाठी. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली. परंतु त्या यादीत चार इंजिनांचे एकही विमान नव्हते. दूर पल्ल्यासाठी जितके मोठे विमान तितके ते किफायतशीर, ही समजूत मग खोटी होती काय?

ती खोटी नव्हती, अपुरी होती. विमानाचा खर्च दोन रीतींनी मोजावा लागतो : दर आसनामागे आणि दर फेरीमागे. समजा, पाचशे आसनांच्या विमानाच्या एका फेरीचा खर्च १०० एकक आणि तीनशे आसनांच्या विमानाचा ६८ एकक आहे. दोन्ही विमाने भरून गेली, तर मोठ्या विमानाचे आसन स्वस्त पडते. परंतु लहान विमानात २७० प्रवासी असतील, तर त्याची बरोबरी करण्यासाठी मोठ्या विमानात सुमारे ४०० प्रवासी बसावे लागतात. तेही एखाद्या सणाच्या दिवशी नव्हे, तर वर्षभर, आडहंगामातही. रिकामे गेलेले आसन दुसऱ्या दिवशी विकता येत नाही आणि इंधन मात्र जळून गेलेले असते. खेड्यात दिवसातून एकदा येणाऱ्या मोठ्या एसटीपेक्षा सकाळ-संध्याकाळ येणारी छोटी गाडी लोकांना अधिक सोयीची वाटते, हा अनुभव ग्रामीण भागात नवा नाही. विमानप्रवाशाची गोष्टही फारशी निराळी नाही.

इंजिनांची संख्या

चार इंजिनांची विमाने एकेकाळी आवश्यकच होती. दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडल्यास साठ मिनिटांत विमानतळ गाठता येईल अशाच मार्गाने जावे, असा अमेरिकेतील नियम होता. त्यामुळे महासागरावरील सरळ मार्ग अशा विमानांना बंद असत. इंजिने विश्वासार्ह होत गेली, तशी १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढविण्यात आली; १९९५ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७७७ ला तर आरंभापासूनच १८० मिनिटांची मुभा मिळाली. मग दोन इंजिनांवर होणारे काम चार इंजिनांवर कशासाठी करावयाचे? इंधन आणि देखभाल या दोन्ही बाबतींत मोठ्या विमानाची बाजू येथेच लंगडी पडली.

एअरबसने मात्र डिसेंबर २००० मध्ये दोन पूर्ण मजल्यांच्या ए-३८० ची योजना हाती घेतली. प्रवासी मोठमोठ्या विमानतळांवर एकत्र येतील आणि तेथून प्रचंड विमानांनी पुढे जातील, असा कंपनीचा अंदाज होता. सिंगापूर एअरलाइन्सने ऑक्टोबर २००७ मध्ये हे विमान प्रथम सेवेत आणले. २०२१ मध्ये उत्पादन थांबले, तोवर २५१ विमाने ग्राहकांना मिळाली होती. त्यांपैकी १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. दुबई हे युरोप, आफ्रिका व आशिया यांच्या मधोमध आहे आणि अनेक शहरांचे प्रवासी तेथे एकत्र होतात, म्हणून तेथे हा हिशेब जमला. इतरत्र तो क्वचितच जमला. सिंगापूरने भाडेमुदत संपल्यावर परत केलेल्या पहिल्या विमानांपैकी दोन विमानांना दुसरा ग्राहक मिळाला नाही आणि ती, जेमतेम दहा वर्षांच्या सेवेनंतर, फ्रान्समध्ये मोडीत निघाली. भारतात किंगफिशरने २००५ मध्ये पाच ए-३८० ची मागणी नोंदविली होती. ती विमाने कधीच आली नाहीत आणि २०१२ मध्ये कंपनीची उड्डाणेच थांबली.

विमानाच्या पोटातील माल

एका बाबीकडे सहसा लक्ष जात नाही. प्रवासी विमानाच्या तळघरात सामानाबरोबर व्यापारी मालही जातो. कोकणातील हापूस किंवा ताजी भाजी परदेशी पोहोचते, ती पुष्कळदा अशा विमानातूनच. ए-३८० मध्ये प्रवासी अधिक, म्हणून त्यांच्या पेट्याही अधिक. उलट तळघरात ३८ प्रमाणित मालपेट्यांचीच जागा. त्याहून लहान ७७७-३००ईआर मध्ये ४४ पेट्या मावतात. मालवाहतुकीचे उत्पन्न धरले, की मोठेपणाचा लाभ आणखी आटतो.

निवड चुकली म्हणजे काय होते, याचे उदाहरण घरचेच आहे, आणि ते अतिविशाल विमानाचेही नाही. अमेरिकेपर्यंत न थांबता जाण्यासाठी एअर इंडियाने २००७ पासून बोइंग ७७७-२००एलआर जातीची आठ विमाने घेतली. आसने केवळ २३८ आणि इंधनाचा भार मोठा. त्यांपैकी पाच विमाने काही वर्षांतच एतिहाद कंपनीला विकावी लागली. ती ज्या व्यापक खरेदीचा भाग होती, तिचा भार बहुतांशी कर्जावर टाकण्यात आल्याबद्दल नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात ताशेरे ओढले. कंपनीची विक्री झाली तेव्हा सुमारे ४६ हजार कोटी रुपयांचे कर्ज शासनाच्या मालकीच्या कंपनीकडे राहिले. या कर्जाला कारणे अनेक होती, परंतु विमानखरेदी त्यांत होती हे निश्चित.

तथापि मोठ्या विमानाच्या बाजूने एक मुद्दा उरतो आणि तो वजनदार आहे. धावपट्टीवर जागा मिळत नसेल, तर फेऱ्या वाढविता येत नाहीत. प्रत्येक फेरीत माणसे अधिक नेणे एवढाच मार्ग राहतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळाची स्थिती अशीच आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. केंद्र शासनाने २०१४ मध्ये ए-३८० ला भारतात परवानगी दिल्यावर सिंगापूर व एमिरेट्स या दोन्ही कंपन्यांनी ते त्याच वर्षी मुंबईस आणले, त्यात आश्चर्य नव्हते. आता नवी मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाला असून त्याच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत. दुसरी धावपट्टी वापरात आल्यावर मुंबईपुरता हा मुद्दाही बराच सैल पडेल.