मामांच्या जीपमधील रेडिओ

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या तारांना हात घालावा, हे आमच्या मामांना मुळीच मान्य नव्हते. पण दुधनी-अक्कलकोट रस्त्यावर चालणाऱ्या त्यांच्या डिझेल जीपमधील रेडिओ बिघडला. इकडचे प्रवासी सोलापूर आकाशवाणीचे मराठी ऐकणारे आणि कलबुर्गीचे कन्नडही. मुकी जीप कोणालाच नको. दुकानदार म्हणाला, "सेटच बदला." तेवढे पैसे नव्हते, म्हणून नाइलाजाने माझ्यावर वेळ आली.

उजव्या स्पीकरमधून शिट्टी येई. इंजिन बंद केले की ती बंद. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढे. म्हणजे दोष आकाशवाणीचा नव्हे! अल्टरनेटर बॅटरी भरताना जी लहर उठते, ती रेडिओत शिरत होती. अर्थिंगची तार बॉडीला कसली होती तिथे रंग आणि गंज. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, स्क्रू आवळला. शिट्टी जवळजवळ गेली.

डावा स्पीकर मुका. तो सोडवून त्याच्या टोकांना टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला. 'टक्' झाले, म्हणजे स्पीकर जिवंत. तार सीटखाली घासून तुटली होती. नवी जोडताना मी धन-ऋण टोके उलटी केली आणि फसलो. दोन्ही स्पीकर वाजत, पण तबला पोकळ लागे! एकाचा कागदी शंकू पुढे येताना दुसऱ्याचा मागे जाई आणि खर्जाचे स्वर एकमेकांना खोडत. पुन्हा सेल लावून, कोणत्या जोडणीने शंकू पुढे येतो ते पाहून तारा फिरवल्या.

खर्च फक्त तारेचा. मामा मात्र प्रवाशांना सांगतात, "सेट चांगलाच होता, पोराने नुसता स्क्रू पिळला."