सोळा लाख जिंकले, दोन लाख गेले

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींवर गोंयकाराला खेळता येत नाही. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवा सरकारने स्थानिकांना तिथे मज्जाव केला आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याहून, सावंतवाडीहून, मालवणहून गेलेल्या माणसाला मात्र वयाची 21 वर्षं पूर्ण असली की दार उघडं. मालवण-पणजी अंतर जेमतेम 110 किलोमीटर. त्यामुळे पोकरच्या स्पर्धा खेळून पोट भरतं का, हे सिंधुदुर्गातल्या कोणाला बघायचं असेल तर लास वेगास गाठायला नको.

गंमत अशी, की गोव्याचा जुगारविषयक कायदा 1976चा आणि महाराष्ट्राने कॅसिनोसाठी केलेला कायदाही 1976चाच. गोव्याने आपल्या कायद्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि 1996 मध्ये बोटींना वाट करून दिली. महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. एरवी पत्त्यांचं सिंधुदुर्गाला वावडं नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा आजही हाताने रंगवल्या जातात. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पानं.

स्पर्धेतला पोकर तीन पानीसारखा मनाला येईल तेव्हा उठून जाण्याचा खेळ नाही. सगळे सारखीच रक्कम भरतात, सगळ्यांना सारख्याच चिप्स मिळतात आणि त्या चिप्सचे मध्येच पैसे करता येत नाहीत. दोन पानं आपल्या हातात, पाच टेबलावर सगळ्यांची. दर अर्ध्या-पाऊण तासाने सक्तीने लावायच्या चिप्स वाढत जातात, म्हणून चांगल्या पानांची वाट बघत नुसतं बसून राहिलं तर चिप्स आपोआप झिजतात. एक्क्यांची जोडी हातात असेल आणि समोरच्याकडे बादशहांची, तर शंभरातल्या 81-82 वेळा एक्के जिंकतात. उरलेल्या अठरा वेळांपैकी एक नेमकी आज आली, तर दहा तास खेळलेला माणूस चुकीचं काहीही न करता घरी जातो.

आता हिशेब करू. समजा 200 जणांनी प्रत्येकी 33,000 रुपये भरले. त्यातले 3,000 कॅसिनोची फी. बक्षिसाला उरले 60 लाख. पैसे मिळणार पहिल्या तीसेक जणांना. पहिल्याला 12 लाखांच्या आसपास, तिसाव्याला भरलेल्या रकमेच्या दीडपट-दुप्पट. बाकीचे 170 रिकाम्या हातांनी परत. म्हणूनच तिसांत शिरायला दोन-तीन जण बाद व्हायचे असतात, तेव्हा टेबलावर विलक्षण शांतता पसरते. थोड्या चिप्स असलेला खेळाडू राण्यांची जोडीसुद्धा टाकून देतो आणि ज्याच्यापुढे ढीग आहे तो हलकी पानं घेऊनही सगळ्यांना दमात घेतो. पेशेवर कोण आणि हौशी कोण, हे या घटकेला कळतं.

असा एक पेशेवर वर्षाला 40 स्पर्धा खेळला, तर प्रवेशापोटी 13 लाख 20 हजार गेले. त्यातल्या सहांत त्याला पैसे मिळाले, आणि हे प्रमाण वाईट नाही. एकदा पहिला नंबर, 12 लाख. बाकीच्या पाचांत मिळून चार. एकूण 16 लाख, म्हणजे कागदावर 2 लाख 80 हजारांचा नफा. पण पत्त्यांतल्या कमाईवर 30 टक्के कर आणि वर 4 टक्के उपकर आहे. त्यातून खर्च वजा होत नाही, हरलेले पैसेही वळते होत नाहीत. 16 लाखांवर कर 4 लाख 99 हजार. वर्षाअखेरीस माणूस जवळजवळ दोन लाख वीस हजारांनी खाली. प्रवास, हॉटेल, जेवण वेगळं. किराणा दुकानदाराला कोणी विक्रीवर असा कर लावला असता तर बाजारपेठा बंद पडल्या असत्या. पण जुगाराच्या नावाने कोण मोर्चा काढणार?

म्हणून बहुतेक पेशेवर एकट्याच्या पैशांवर खेळत नाहीत. रापणीत जाळं ओढणारे अनेक आणि मासळीचे वाटे आधी ठरलेले, तसा इथेही भांडवल घालणाऱ्याचा वाटा असतो. मागची तूट भरून निघाल्यावर नफ्याची वाटणी होते. काही जण स्पर्धेआधी स्वतःतलाच तीस-चाळीस टक्के हिस्सा विकतात. कर मात्र खेळाडूच्याच नावावर कापला जातो, आणि इथूनच भांडणं सुरू होतात.

बातम्यांत येतात ती वेगळी नावं. निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी 2017 मध्ये वेगासमधल्या पोकरच्या जागतिक मालिकेत जोडीने विजेत्याचं ब्रेसलेट जिंकलं. 2024 मध्ये संतोष सुवर्णा याने अडीच लाख डॉलर प्रवेशाच्या स्पर्धेत 54 लाख डॉलर कमावले. पण अडीच लाख डॉलर भरणाऱ्याची गोष्ट कुडाळच्या मुलाला काय शिकवणार?

त्याची शाळा मोबाइलवर होती. पाचशे रुपयांच्या स्पर्धा, एकाच वेळी चार-सहा टेबलं. बोटीवर वर्षभरात होतील तेवढ्या स्पर्धा तिथे आठवड्यात व्हायच्या. नशिबाचे चढउतार सपाट व्हायला शेकड्यांनी, हजारांनी स्पर्धा लागतात, आणि त्या एवढ्या स्वस्तात फक्त तिथेच मिळत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला; खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. भारतीय साइटनी लगेच पैशांचे खेळ थांबवले. त्या मंचांवर कर्ज काढून बुडालेली घरंही होती, त्यामुळे बंदीचं कारण खोटं म्हणवत नाही. पण वर्षाला चाळीस स्पर्धा खेळून आपण खरंच चांगले खेळतो की नुसतं नशीब साथ देतंय, हे कळायला आता दहा-पंधरा वर्षं लागतील. लग्नाच्या बोलणीत ‘झील काय करता?’ असा प्रश्न त्याच्या खूप आधी येतो.