पट्टा, पवित्रा आणि पोथी

शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरू लागला की आपण सारेच रस्त्याच्या कडेला थबकतो. हलगी घुमते, पाते लवलवते, टाळ्या पडतात आणि मिरवणूक पुढे सरकते. परंतु तो हात तसाच का फिरतो आणि पाय नेमका तिथेच का पडतो, याचा विचार आपल्यापैकी कितीजण करतात? मीही कधी केला नव्हता.

प्रथम हे शस्त्रच पाहू. तलवारीची मूठ आपण बोटांनी धरतो व मनगट मोकळे राहते. पट्ट्याचे तसे नाही. त्याला कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा असतो. हात त्यात घालून आतली आडवी दांडी मुठीत धरायची. पाते लांब, सरळ, दुधारी आणि लवचिक. मनगट जखडल्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो, आणि कमर फिरवायची तर पाय फिरले पाहिजेत. म्हणून पट्टेकरी एका जागी उभा राहत नाही. एक वार संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. मध्ये थांबला तर अंग उघडे पडते. प्रेक्षकांना जे नृत्यासारखे वाटते, त्याच्या मुळाशी हे साधे कारण आहे. जमिनीवरचे लिंबू कापणे हा केवळ चमत्कार नव्हे, पाते नेमके कुठवर पोहोचते याची ती परीक्षा आहे.

म्हणूनच तालमीत नव्या पोराच्या हाती एकदम पट्टा देत नाहीत. आधी पवित्रे, म्हणजे पावले, मग लाठी, मग पुढचे. या मर्दानी खेळांतच फरी-गदगा आहे. एका हातात ढाल, म्हणजे फरी, आणि दुसऱ्या हातात चामडे मढवलेली काठी, म्हणजे गदगा. दोघांनी समोरासमोर उभे राहून खरोखर एकमेकांना टिपायचे. इतर प्रकार बहुधा एकट्याने करून दाखवता येतात, हा मात्र जोडीदारावाचून होत नाही.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरला. लढाईची विद्या मग जत्रा, मिरवणुका आणि तालमी यांच्या आश्रयाने जगली. कोल्हापूरच्या तालमींनी ती विशेष निष्ठेने सांभाळली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तर १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

आता थोडे युरोपकडे वळू. तिकडे बंदुका आल्या आणि जुन्या लांब तलवारीची विद्या शिकवणारे गुरुजन संपले. परंपरा तुटली. पण पोथ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये लीड्स येथे एक सचित्र हस्तलिखित आहे, सुमारे इ. स. १३०० मधले. त्यात एक धर्मगुरू शिष्याला तलवार आणि लहान ढाल यांचे डाव शिकवतो, आणि शेवटच्या चित्रांत वालपुर्गिस नावाची स्त्रीही लढताना दिसते. इटलीच्या फियोरे या वस्तादाने सुमारे १४१० मध्ये असाच ग्रंथ सिद्ध केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड हटन आणि एगर्टन कॅसल यांनी अशा ग्रंथांवरून जुने डाव पुन्हा उभे करून पाहिले. यांपैकी हटन हिंदुस्थानात सैन्यात राहून गेलेला. पुढे ते मागे पडले. १९९० नंतर मात्र हौशी लोकांनी ठिकठिकाणी मंडळे काढली. नोकरी-धंदा सांभाळून हे लोक संध्याकाळी जमतात, पोथीतले चित्र पाहतात, जाळीचा मुखवटा आणि बोथट तलवार घेऊन तो डाव एकमेकांवर लावून बघतात. एकाच चित्राचे दोन मंडळे दोन अर्थ लावतात आणि वाद घालतात. चित्रात हात दिसतो, गती दिसत नाही. ती सांगायला वस्ताद उरलेला नाही.

म्हणजे त्यांच्याकडे पोथी आहे, वस्ताद नाही. आपल्याकडे वस्ताद आहेत, पोथी फारशी नाही. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले, हे मोठेच काम. पण गावोगावच्या हाताची नोंद कुठे आहे?

हे मी इतक्या तळमळीने लिहितो त्याला कारण आहे. माझ्या आजोबांना सारे गाव वस्ताद म्हणे. त्यांना अक्षरओळख नव्हती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यांच्या शेजारी बसून मी पावनखिंडीचा धडा परीक्षेसाठी मोठ्याने वाचत असे, ते ऐकत असत. पण समोर बसलेल्या पट्टेकऱ्याला मी एकही प्रश्न विचारला नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. परवा मी चुलत्यांना आणि त्यांच्या दोन सोबत्यांना आजोबांचा हात करून दाखवायला सांगितले. सुरुवातीची पावले तिघांची जुळली, पुढे तिघांचे पाय तीन दिशांना गेले. तिघेही एकमेकांकडे बघत उभे राहिले. कोण बरोबर, हे सांगणारे माणूस आता नाही.

जे जुळले तेवढे मी वहीत उतरवले आहे. पावलांची चित्रे खडूने अंगणात काढली आणि ती कागदावर घेतली. लिहिल्याने काय होते याचा दाखला आपल्या आटपाडीला दूर शोधावा लागत नाही. हा महाल औंध संस्थानातला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांतून सुरू केलेच, पण त्यावर पुस्तक लिहून, छायाचित्रे देऊन एकेक पायरी मांडून ठेवली. घराघरातला एक व्यायाम त्यामुळे दूरदेशीच्या अनोळखी माणसालाही करता आला.

मित्रहो, माझ्या दोनच सूचना आहेत. आपल्या जिमखान्यात फरी-गदग्याची जोडी आणावी, म्हणजे पाठ केलेला डाव खरा की खोटा हे कळेल. आणि ज्याच्या गावात जुना वस्ताद आहे, त्याने या सुट्टीत एक वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे. ‘असं का?’ एवढाच प्रश्न विचारावा. माझा तो विचारायचा राहून गेला.