दिलेली पदवी परत घेता येते काय?

पदवीचा कागद चौकटीत बसवून दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगण्याची चाल आपल्या घरांत चांगलीच रुळलेली आहे. दिवाळीच्या साफसफाईत चौकटीची काच पुसली जाते, आणि हा कागद आता जन्माचा आपला, अशीच सर्वांची समजूत असते. परंतु ज्या हाताने तो दिला, त्या हाताला तो परत मागता येतो काय?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने पिढ्यान्‌पिढ्यांच्या इनामदारांकडे सनदा मागितल्या. ज्यांच्या सनदांना कसर लागली होती, त्यांच्यावर काय प्रसंग ओढवला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

विद्यापीठीय पदव्यांच्या बाबतीत मात्र केंब्रिजच्या डॉ. बेंटलेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. हे गृहस्थ ग्रीक-लॅटिनचे मोठे पंडित, ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख, आणि स्वभावाने महा भांडखोर. १७१७ साली राजा पहिला जॉर्ज केंब्रिजला आला, तेव्हा नव्या डॉक्टरांकडून बेंटलेसाहेबांनी नेहमीच्या शुल्कावर आणखी चार गिनी मागितल्या. मिडल्टन नावाच्या विद्वानाने त्या भरल्या खऱ्या, पण परत मिळाव्यात म्हणून विद्यापीठाच्याच न्यायासनापुढे फिर्याद केली. बेंटले त्या न्यायासनाला जुमानीनात. झाले! १७१८ साली विद्यापीठाने त्यांच्या झाडून साऱ्या पदव्या काढून घेतल्या. चार गिनींसाठी एवढे रामायण!

प्रकरण राजाच्या वरिष्ठ न्यायालयात गेले. १७२३ साली न्यायाधीशांनी विद्यापीठाला विचारले, या माणसाचे म्हणणे तुम्ही ऐकून घेतले होते काय? घेतले नव्हते. त्यांतले एक न्यायाधीश म्हणाले की, आदमाला शिक्षा सांगण्यापूर्वी प्रत्यक्ष परमेश्वरानेही त्याला बोलावून जाब विचारला होता. मग विद्यापीठाची काय कथा! १७२४ मध्ये बेंटलेंना पदव्या परत मिळाल्या. त्यांचा स्वभाव पदव्यांबरोबर सुधारला नाही, हे वेगळे.

आपल्याकडील कायद्यांतही हेच तत्त्व आहे. मोटार हाकण्याचा परवाना १९८८ च्या कायद्याखाली रद्द करावयाचा, तर परवानेधारकाला आधी आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. १९६१ च्या कायद्याप्रमाणे वकिलाचे नाव पटावरून काढावयाचे झाले, तरी शिस्तपालन समितीपुढे चौकशी होते. त्यावर अखिल भारतीय वकील परिषदेकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते.

तथापि परवाना आणि पदवी यांची गल्लत करू नये. परवाना पुढच्या काळाविषयी बोलतो: या माणसाच्या हाती गाडी द्यावयास हरकत नाही. उद्या तो दारूच्या आहारी गेला, तर ते बोल मागे घेणेच रास्त. पदवी मात्र मागचे सांगते: अमुक साली हा परीक्षा उत्तीर्ण झाला. खोट्या गुणपत्रिकेवर ती मिळविली असेल तर ती मुळातच त्याची नव्हती; तिथे दयामाया नको. पण परीक्षा खरी, अभ्यास खरा, आणि नंतरचे वर्तन सत्ताधाऱ्यांना रुचले नाही म्हणून पदवी काढून घेतली, तर काय म्हणावे?

सावरकरांच्या बाबतीत हेच घडले. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले, १९११ साली मुंबई विद्यापीठाने त्यांची पदवी काढून घेतली. आता, माणूस तुरुंगात टाकता येतो; पण त्याने दिलेला पेपर न दिलेला कसा करणार? विद्यापीठाने ती पदवी १९६० मध्ये परत दिली. त्यांच्या राजकारणाविषयी कुणाचे मत काहीही असो, बी. ए.च्या परीक्षेचा त्याच्याशी काय संबंध, हे मला तरी समजत नाही.

बॅरिस्टरी या दोहोंच्या मधली. १८९१ साली बॅरिस्टर झालेल्या गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९२२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या इनर टेंपलने त्यांचे नाव काढून टाकले. वकिली त्यांनी आधीच सोडली होती. १९८८ मध्ये ते नाव पुन्हा लिहिले गेले. त्याच संस्थेने १९०९ साली शामजी कृष्णवर्मांनाही वगळले होते. ते १९३० मध्ये जिनिव्हाला वारले. त्यांचे नाव पटावर परत आले ते २०१५ मध्ये.