गोष्ट जुळवणारे यंत्र : खेळ की अवजार?

उल्हासनगरच्या बाजारात नवा माल आला की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बिलात नाव काय लिहायचे? अलीकडे असाच एक प्रश्नात पाडणारा माल दिसू लागला आहे. तो म्हणजे गोष्ट जुळवून देणारे साधन. कधी ती चित्रांच्या फाशांची डबी असते, कधी पत्त्यांची जुडी, तर कधी मोबाईलवरचा प्रोग्राम. हा खेळ मानायचा की लिहिणाऱ्याचे अवजार, हे आज आपण पाहू.

याचे काम समजायला सोपे आहे. तीन पिशव्या घ्या. एकीत २० माणसे, दुसरीत २० जागा, तिसरीत २० अडचणी चिठ्ठ्यांवर लिहून टाका. प्रत्येकीतून एक चिठ्ठी काढा. जीन्स शिवणारा कारागीर, बदलापूरची शेवटची लोकल, हरवलेली किल्ली : झाली गोष्टीची सुरुवात! अशा ८,००० जुळण्या होतात. प्रोग्राम हेच करतो. फक्त त्याच्या पिशव्या मोठ्या असतात आणि कोणती चिठ्ठी कोणत्या चिठ्ठीनंतर यावी, याचे नियम त्याला घालून दिलेले असतात.

मग हा खेळ झाला का? आपली मराठी याबाबत उदार आहे. भातुकलीत कोणी हरत नाही, तरी तो खेळच. नाटकाचाही ‘खेळ’ होतो. पण बुद्धिबळ किंवा कॅरम म्हटले की नियम, खेळणाऱ्याची निवड आणि त्या निवडीचा परिणाम या तीन गोष्टी आल्या. बटण दाबले आणि गोष्ट बाहेर पडली, एवढेच होत असेल तर ते अवजार. मात्र आपण घेतलेल्या निर्णयाने पुढची गोष्ट बदलत असेल, तर तो खेळ, असे आम्हाला वाटते. हारजीत असलीच पाहिजे असे नाही. अमेरिकेतील दोन भावांनी २००६ मध्ये ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ लोकांपुढे आणला. त्यात जग आणि त्याचा इतिहास संगणकच रचतो. शेवटचा विजय त्यात नाही. तरीही न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये व्हिडिओ गेम म्हणूनच तो आपल्या संग्रहात घेतला.

आता धंद्याचे बोलू. समजा, अंबरनाथच्या एमआयडीसीतील एका मोल्डिंगवाल्याने असे फासे बनवले. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी ते असतील, तर ते खेळणे ठरते आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ‘हे तर लिहिण्याचे साधन’ असे डबीवर छापले आणि चित्र लहान मुलांचे टाकले, तर ती पळवाट चालणार नाही. करातही फरक पडतो. पत्ते, कॅरम, लुडो यांच्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. सॉफ्टवेअरवर मात्र १८ टक्के लागतो.

बदलापूरच्या एखाद्या तरुणाने हेच काम इंटरनेटवरून चालणाऱ्या प्रोग्रामने केले, तर आणखी एक कायदा पाहावा लागेल. ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात करमणुकीच्या खेळासाठी वर्गणी किंवा प्रवेश शुल्क घेण्याची मुभा आहे. पण पैसे भरून पैसे जिंकण्याची आशा आली की तो पैशाचा खेळ ठरतो, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ‘उत्तम गोष्टीला बक्षीस, प्रवेशासाठी ५० रुपये’ ही योजना दिसायला साधी आहे. पण ती जाहीर करण्यापूर्वी वकिलाला जरूर विचारावे. जुगाराच्या कमाईपासून दूर राहण्याचे दुसरे कारण आमच्या वाचकांना सांगायला नकोच.

थोडक्यात, नाव काय द्यायचे हे मालकाच्या हाती असले, तरी माल काय आहे हे त्याच्या वापरावरून ठरते. म्हणून माल भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : तो कोणासाठी आहे? खेळणाऱ्याच्या निवडीने काही बदलते का? आणि त्यात पैसा लागतो तो वस्तूच्या किमतीपोटी की जिंकण्याच्या आशेपोटी? ही उत्तरे कागदावर लिहून आपल्या कर सल्लागारापुढे ठेवली, की बिलात काय लिहायचे ते आपोआप सुचेल.