जाळ्यांच्या मांगरात कोंबड्या ठेवताय? आधी शिसे वेचा



१ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस ट्रॉलर बंद. ह्या वेळी बऱ्याच घरांतून एकच विचारणा आली: जाळी आता जेटीवरच्या शेडमध्ये असतात, मागचा मांगर रिकामा पडलाय, त्यात दहा-बारा कोंबड्या ठेवल्या तर चालतील काय?

चालतील. फक्त आज पिल्लू आणले तर ह्या बंदीत अंडे मिळणार नाही. कोंबडी साडेपाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येते. म्हणजे नाताळाच्या सुमारास, जेव्हा केक-बिबिंकासाठी गावठी अंडी शोधत लोक फिरतात. खरा उपयोग पुढच्या बंदीत.

आता मुख्य गोष्ट. आपला मांगर गोठ्यासारखा नाही. तिथे वर्षानुवर्षे जाळी दुरुस्त केलेली आहेत. जमिनीत शिशाची वजने, तुटलेले गळ, नायलॉनचे तुकडे, रंगाच्या खपल्या रुतलेल्या असतात. कोंबडीला दात नाहीत. दाणा दळायला ती खडे गिळते, आणि शिशाचा तुकडा तिला खडाच वाटतो. पोटात तो झिजत राहतो आणि शिसे अंड्यात उतरते. कोंबडी वरून ठणठणीत दिसेल, अंडेही नेहमीसारखेच दिसेल. पण ते खाणार आपली पोरे, आणि शिशाने लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. उकडून, तळून शिसे जात नाही.

म्हणून आधी मांगर पूर्ण रिकामा करा. लोहचुंबक फिरवला तर गळ निघतील, शिसे निघणार नाही, ते डोळ्यांनी बघून वेचावे लागते. जमीन मातीची असेल तर वरची दोन-तीन इंच माती काढून टाका (भाजीच्या वाफ्यात नको!) आणि कोबा करा. डिझेलचे डबे, जुनी बॅटरी बाहेर. बाहेरच्या अंगणातही जिथे जाळी ओढत होता ती जागा बघा.

दुसरे, नायलॉनच्या जुन्या जाळ्याने भिंत बंद करू नका. फुकट आहे म्हणून सगळे तेच करतात. मुंगूस आणि कांडेचोर ते दातांनी कापतात, आणि कोंबडीचा पाय त्यात अडकतो तो वेगळाच. एका सभासदाकडे एका रात्रीत सहा कोंबड्या गेल्या त्या अशाच. अर्ध्या इंचाची वेल्डेड तारेची जाळी घ्या, जाड तारेची, कारण आपल्या खाऱ्या वाऱ्यात पातळ तार लवकर गंजते. खाली फूटभर जमिनीत पुरा. नायलॉनचे जाळे अंगणावर वरून ताणा, घार आणि कावळ्यासाठी तेवढे पुरे.

पावसाळ्यात कोंबड्या दिवसभर आतच राहणार, तेव्हा एकीला तीन-चार चौरस फूट धरा. आठ बाय सहाच्या मांगरात बारा झाल्या, त्याहून जास्त नको. पावसाची बाजू बंद ठेवा, पण वाशांखाली हवा खेळायला फट हवीच, तिलाही तारेची जाळी. खाली भाताचा तूस तीन-चार इंच, रोज हलवायचा. ओला झाला की रक्ती हगवण आलीच. बसायला जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर गोल कडांची काठी, चार-पाच कोंबड्यांमागे अंड्यासाठी एक खोका. मच्छीचा लाकडी खोका धुऊन वापरला तरी चालतो, वर आलेले खिळे मात्र ठोका.

खाण्यात आपला फायदा आहे. तिसऱ्या-कालवांची कवचे भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा, अंड्याचे कवच घट्ट होते. मच्छीचा कचरा उकडून थोडाच द्या, जास्त झाला तर अंड्याला वास येतो. खारवलेली सुकी मासळी अजिबात नको, मीठ कोंबडीला विषासारखे लागते.

जात म्हणाल तर वनराज आणि ग्रामप्रिया, दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी काढलेल्या. अंडी हवीत तर ग्रामप्रिया, अंडी आणि मांस दोन्ही हवे तर वनराज. श्रावणात आपल्या घरांत अंडी खपत नाहीत हेही हिशेबात धरा.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस चुकवू नका. पहिल्या आठवड्यात थेंब, सहा ते आठ आठवड्यांची झाली की सुई. एका बाटलीत बहुधा शंभर मात्रा असतात आणि औषध कालवले की दोनेक तासांत संपवावे लागते. त्यामुळे आठ-दहा घरांनी एकाच दिवशी करावे. बाटली बर्फात आणायची. बर्फ कसा सांभाळायचा हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पिल्ले घेणाऱ्यांनी संस्थेत नाव आणि संख्या द्या, पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून लसीचा दिवस एकत्र ठरवू. वेचलेल्या शिशासाठी जेटीवरच्या शेडमध्ये झाकणाचा डबा ठेवला आहे. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि ते वेचायला पोरांना लावू नका.